पातळ तळाचे बूट : आधी चालायला, मग धावायला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

नाशिकमध्ये पहाटे फिरणाऱ्यांची आणि धावणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत नजरेत भरावी इतकी वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. गोल्फ क्लबचे मैदान म्हणून सारे शहर ज्याला ओळखते ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असो, कृषीनगर किंवा इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक असो, की सोमेश्वरच्या पुढे गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता असो, सकाळी सहाच्या सुमारास तिथे वर्दळ असतेच. या मंडळींच्या पायांत अलीकडे एका वेगळ्या घडणीचा बूट दिसू लागला आहे. त्याचा तळ जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो, टाच आणि चवडा एकाच पातळीवर राहतात, बोटांकडची बाजू चांगली रुंद असते आणि काही प्रकारांत तर प्रत्येक बोटाला स्वतंत्र कप्पा असतो. अनवाणी चालल्याचा अनुभव देणारे म्हणून विकले जाणारे हे ‘बेअरफूट शूज’ आल्यापासून ट्रॅकवर दोन तट पडले आहेत. एका तटाला त्यांत गुडघेदुखीपासून कंबरदुखीपर्यंत सगळ्यावरचा उतारा दिसतो, तर दुसरा तट ‘इतके पैसे मोजून अनवाणीच चालायचे, तर बूट हवेत कशाला?’ असे विचारून मोकळा होतो. ज्याची सारी नोकरी शाळेच्या मैदानावर मुलांना पळायला शिकवण्यात गेली असा एक निवृत्त क्रीडाशिक्षक या नात्याने मला वाटते की, दोन्ही तट मूळ प्रश्नाला बगल देत आहेत. ज्याचे पाय निरोगी आहेत अशा प्रौढ माणसाने हे बूट रोजच्या चालण्यासाठी जरूर वापरावेत. धावण्यासाठी मात्र ते काही महिने पाय तयार करून, मगच घालावेत. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. शनिवारी बूट घ्यायचा आणि रविवारी त्याच बुटात दहा किलोमीटर धावायचे, असा प्रकार मी वारंवार पाहतो, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

ही वस्तू नेमकी काय आहे, याबद्दल आधी थोडे सांगतो. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकमताने या बुटांची व्याख्या ठरवली आणि त्यासाठी पाच गोष्टी विचारात घेतल्या : बुटाचे वजन, त्याचा लवचीकपणा, तळाची एकूण जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, आणि पावलाला आधार देण्यासाठी किंवा त्याची हालचाल रोखण्यासाठी बुटात बसवलेल्या कडक भागांचा अभाव. धावण्याच्या नेहमीच्या बुटांत टाच चवड्यापेक्षा साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर उंच असते. धावणारे त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. या बुटांत तो शून्य किंवा शून्याच्या जवळ असतो. दुकानात हातात घेतलेला बूट बोटांपासून टाचेपर्यंत सहज गुंडाळता आला नाही आणि दोन्ही टोके धरून पिळता आला नाही, तर खोक्यावर काहीही छापलेले असले तरी तो या प्रकारात मोडत नाही, असे खुशाल समजावे. यात फार नवे असे काही नाही. टाचेखाली फोमची जाड गादी असलेला धावण्याचा बूट मुळात १९७० च्या दशकात रूढ झाला. त्याआधीचे धावपटू सपाट आणि पातळ तळाच्या बुटांतच धावत असत. माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी आदल्या रात्री पांढरे करून वाळत ठेवलेले पीटीचे कॅनव्हास बूट आणि आज मॅटवर कबड्डी खेळणारी मुले घालतात ते बूट, हे दोन्ही तळाच्या बाबतीत याच जातीचे आहेत.

या बुटांची बाजू घेताना हटकून पूर्वजांचा दाखला दिला जातो. ‘आपले आजोबा-पणजोबा कुठे बूट घालत होते?’ असे म्हटले की वाद मिटला, अशी एक समजूत आहे. हा दाखला खरा असला तरी अर्धाच आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल भागांतल्या पाड्यांवरची माणसे आजही डोंगरवाटा अनवाणी किंवा साध्या चपलेवर तुडवतात हे खरे. परंतु त्यांचे पाय पहिले पाऊल टाकल्या दिवसापासून त्याच वाटांवर घडलेले असतात, आणि तरीही टाचांच्या भेगा, मोडलेले काटे, कुरुपे, ओल्या मातीतून तळव्यावाटे शिरणारे अंकुशकृमी आणि भातखाचरातल्या सापांची भीती यांपैकी काहीही त्यांना चुकलेले नाही. ती माणसे हौसेने अनवाणी चालतात असे समजणे, हा शहरातल्या माणसाचा भाबडेपणा झाला. आपल्या जिल्ह्याची धावपटू कविता राऊत सावरपाड्यात लहानपणी अनवाणी धावत असे, याचे कौतुक आपण सगळेच करतो, आणि ते करायलाच हवे. पण २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीचे रौप्यपदक तिने मिळवले, तेव्हा तिच्या पायांत स्पर्धेचे बूट होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. अबेबे बिकिलाच्या बाबतीतही तसेच होते. इथिओपियाच्या या धावपटूने १९६० मध्ये रोमच्या ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली, ही गोष्ट बेअरफूट शूजच्या प्रत्येक चाहत्याला तोंडपाठ असते. त्याच बिकिलाने १९६४ मध्ये टोकियोत बूट-मोजे घालून पुन्हा सुवर्णपदक जिंकले आणि तेही २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटे आधी, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. मला यातून बूट चांगले की अनवाणी चांगले असा निकाल द्यायचा नाही. ज्याचा पाय आधीच तयार आहे त्याला दोन्ही चालते, एवढेच मला म्हणायचे आहे.

तयार नसलेल्या पायाचे काय होते, हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जी गर्दी लोटते, तिच्यात वर्षभर ऑफिसच्या बुटांत वावरणारे आणि त्या एका दिवशी श्रद्धेने सुमारे २० किलोमीटर अनवाणी चालणारे पुष्कळ लोक असतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे. पण दुसऱ्या दिवशी चवड्यावर आलेले पाण्याचे फोड आणि जिना उतरताना धरलेल्या पोटऱ्या यांचे कारण वाटेतल्या खडीइतकेच पायाच्या अपरिचयात असते. त्याच फेरीत त्र्यंबकच्या आसपासच्या खेड्यांतले म्हातारे लोक तेच अंतर गप्पा मारत पार करतात.

आता धावताना नेमके काय बदलते ते जरा सविस्तर मांडतो, कारण सगळी गल्लत इथेच होते. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणापासून अनवाणी धावणारी माणसे बहुतेक वेळा चवड्यावर किंवा पावलाच्या मध्यावर उतरतात, तर जाड टाचेचे बूट घालणारी बहुतेक टाचेवर उतरतात, असे त्यांना आढळले; आणि टाचेवर उतरताना जमिनीकडून जो एकदम धक्का बसतो, तो चवड्यावर उतरताना जवळजवळ नाहीसा होतो, हेही त्यांनी मोजून दाखवले. जगभर आलेल्या बेअरफूट शूजच्या लाटेला यामुळे मोठे बळ मिळाले. मात्र या अभ्यासात धक्का मोजला होता, दुखापती मोजल्या नव्हत्या, आणि या दोहोंत बरेच अंतर आहे. चवड्यावर उतरणाऱ्याच्या गुडघ्यावरचा भार कमी होतो हे खरे, परंतु शरीराचे वजन काही कमी होत नाही. तो भार घोट्यावर, पोटरीवर, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस टेंडनवर आणि चवड्याच्या लांब, बारीक हाडांवर जाऊन पडतो. ज्यांनी वर्षानुवर्षे उंच टाचेचे बूट किंवा सँडल वापरले आहेत, त्यांची पोटरी आखूड झालेली असते. सपाट बुटात टाच खाली टेकताना तिला रोज ताण सोसावा लागतो. स्नायू काही आठवड्यांत या नव्या कामाला सरावतात, टेंडन आणि हाडे यांना मात्र महिने लागतात. धोका उत्पन्न होतो तो या मधल्या काळात, कारण स्नायू तयार झाल्यामुळे माणसाला आपण तयार आहोत असे वाटते आणि हाड अजून तयार झालेले नसते.

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अनुभवी धावपटूंचे दोन गट पाडले. एका गटाला आपल्या नेहमीच्या बुटांत धावू दिले, तर दुसऱ्याला दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळायला सांगितले. दहा आठवड्यांनी पायांचे एमआरआय काढले, तेव्हा पातळ बूट घातलेल्या गटात हाडांच्या आत सूज आलेले धावपटू स्पष्टपणे अधिक निघाले. म्हणजे अनुभवी धावपटूंनाही, तेही टप्प्याटप्प्याने, दहा आठवडे पुरले नाहीत. पुढे २०१४ मध्ये, पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हायब्रम या कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी भरलेला दावा साडेसदतीस लाख डॉलरवर तडजोडीने मिटला. पाय बळकट होतात आणि दुखापती टळतात, या जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे ग्राहकांचे म्हणणे होते. कंपनीने दोष मान्य केला नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्यानंतर बाजार थेट दुसऱ्या टोकाला गेला आणि फोमच्या थरांची जाडी इतकी वाढत गेली की, रस्त्यावरच्या शर्यतींच्या बुटांच्या तळाला जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. फॅशनचा हा लंबक आपल्या पायांवर स्वार होऊ द्यायचा की नाही, हे शेवटी आपल्याच हाती आहे.

धावण्याबद्दल इतके सावधपणे लिहिल्यावर चालण्याबद्दल मी उत्साहाने लिहितो, याचे कोणाला आश्चर्य वाटेल. पण कारण साधे आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे पावलावर येणारा भार धावण्याच्या मानाने बराच कमी राहतो आणि हाडांना सवय व्हायला वेळ मिळतो. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिने रोजच्या वावरात पातळ तळाचे बूट वापरणाऱ्यांच्या पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. त्यांना धावायला सांगितले नव्हते, वेगळा व्यायामही दिलेला नव्हता. बाजारात जाणे, कामावर जाणे, जिने चढणे, एवढेच. प्रत्येक पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे आहेत, आणि कडक तळाच्या बुटात त्यांतले बहुतेक दिवसभर बसून असतात. म्हातारपणी तोल जाऊन पडण्याचे भय असते, त्या वयात पायांच्या बोटांना जमीन धरून ठेवता येणे ही लहानसहान गोष्ट नाही.

या बाबतीत आपण मराठी माणसे आधीच थोडी पुढे आहोत. चपला उंबऱ्याबाहेर काढून घरात अनवाणी वावरण्याची आपली रीत असल्यामुळे आपला पाय दिवसातले काही तास तरी मोकळा असतो. तेव्हा सुरुवात करणाऱ्याने घरातल्या सवयीला बाहेरच्या थोड्या चालण्याची जोड द्यावी : कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग कॉलनीची एक फेरी, आणि पोटरी किंवा तळवा दुसऱ्या दिवशी सकाळी कुरकुरत नसेल तरच पुढचे अंतर. जुने बूट टाकून देऊ नयेत. दोन्ही आलटून पालटून वापरावेत. एक सूचना मुद्दाम करतो, कारण ट्रॅकवर हे चित्र नेहमी दिसते : हे बूट घातले म्हणून चालताना चवड्यावर चालू नये. अनवाणी माणूसदेखील चालताना टाचच आधी टेकतो. चवड्याचा प्रश्न फक्त धावताना येतो. एका हाताने भिंतीचा आधार घेऊन, एका पायावर उभे राहून टाच सावकाश वर उचलणे आणि तितकीच सावकाश खाली आणणे, हा फुकटचा व्यायाम रोज करावा. तो दोन्ही पायांवर वीस-पंचवीस वेळा विनासायास होईपर्यंत या बुटांत धावण्याचा विचारही करू नये. त्यानंतरसुद्धा नेहमीच्या धावण्याच्या शेवटी, मऊ मातीवर, काही मिनिटे, एवढाच आरंभ असावा; पावले आखूड आणि जलद ठेवावीत. आणि स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकावा. गोल्फ क्लबवर एके सकाळी माझ्या मागून पातळ बुटातले एक गृहस्थ धावत आले, ते मला दिसण्याआधीच ऐकू आले; ‘धप्, धप्’ असा टाचेचा आवाज वळणाच्या पलीकडून येत होता. तो आवाज साऱ्या ट्रॅकला येत होता, कानात छोटे हेडफोन खोचलेल्या त्यांना सोडून. जाड बुटाने जो धक्का फोमवर घेतला असता, तो ते सरळ टाचेच्या हाडावर घेत होते. पाऊल हलके पडू लागले की आवाज आपोआप विरतो, आणि घड्याळातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे.

काही लोकांनी मात्र या वाटेला जाऊच नये, आणि हे सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असणार हे उघड आहे, कारण डॉक्टरांनी सांगितले म्हणूनच अनेकजण घराबाहेर पडलेले असतात. दीर्घकाळच्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते. खडा रुतला, फोड आला, मे महिन्यातल्या डांबराने तळवा भाजला, तरी कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळून पुढे पाऊल गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते. म्हणूनच मधुमेहींच्या पायांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना, ज्यांच्या पायांना असा धोका आहे त्यांना अनवाणी किंवा पातळ तळाच्या सपातांत, घरातही आणि बाहेरही, चालू नका असे स्पष्ट सांगतात. अशांसाठी आपल्याकडे एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळाच्या चपला वर्षानुवर्षे वापरात आहेत, आणि त्या दिसायला कितीही साध्या असल्या तरी त्यांच्या बाबतीत त्याच योग्य. डॉक्टरांकडे १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक तंतू असतो. तो तळव्याला टेकवून संवेदना तपासायला मिनिटभरही लागत नाही. मधुमेह असणाऱ्याने ही तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी आणि बुटांबद्दलचा सल्ला फिरायला येणाऱ्या सोबत्यांकडून घेण्याऐवजी डॉक्टरांकडून घ्यावा. चवड्याचे हाड पूर्वी मोडलेले असणारे, टाच सतत दुखणारे आणि हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेले यांनीही आधी विचारावे.

आता शहराच्या कारभाऱ्यांसाठी एक मागणी. पातळ बूट असो वा जाड, पायाखाली काय आहे याने फरक पडतोच. आपल्याकडे पदपथ म्हटला की पेव्हर ब्लॉक, हे समीकरण ठरून गेले आहे. एखादा ब्लॉक खचला की त्याची कड वर येते, पावसाळ्यात फटींतून शेवाळ माजते, आणि गुळगुळीत काँक्रीटचा कठीणपणा तर बाराही महिने असतोच. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते, घाट आणि पादचारी मार्ग यांची कामे काढली जात आहेत. तेव्हा जिथे रुंदी आहे तिथे, विशेषतः गोदावरीच्या काठाने, पदपथाच्या एका कडेने मुरूम-मातीचा दाबलेला पट्टा राखून ठेवावा, ही विनंती आहे. त्याला फार खर्च येत नाही. नियमित पाणी मारणे, रोलर फिरवणे आणि काच-खडे-काटे वेचणे एवढीच निगा लागते. उलट, आहेत त्या जॉगिंग ट्रॅकवरचा मातीचा भाग ‘सुशोभीकरणा’च्या नावाखाली फरशीखाली जाऊ नये, याकडे त्या त्या प्रभागातल्या फिरणाऱ्यांनीच डोळ्यांत तेल घालून पाहावे.

बूट विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. काही हजार रुपये मोजून घेतलेल्या वस्तूबरोबर ‘पहिले काही महिने यात धावू नका’ अशी मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्यायला कोणाची हरकत नसावी. औषधाच्या खोक्यात ती असते, मग पायाची सारी चाल बदलणाऱ्या वस्तूच्या खोक्यात का असू नये? ज्यांना इतका खर्च परवडत नाही त्यांनी हिरमुसण्याचेही कारण नाही. साधा, सपाट, वाकणारा कॅनव्हासचा बूट, बोटांना पुरेसा रुंद मिळाला तर, चालण्यापुरते तेच काम करतो.

रुंदीचा विषय निघाला म्हणून शेवटचा आणि माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा मांडतो. सगळा वाद तळाच्या जाडीभोवती फिरत राहतो. पण बोटांकडची रुंदी हा त्याहून मोठा प्रश्न आहे, आणि तो सर्वांत जास्त भोवतो तो शाळकरी मुलांना. मुलाला जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करा, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची बाह्यरेषा काढा आणि त्या रेषेवर त्याचा शाळेचा काळा बूट ठेवून पाहा. बहुतेक वेळा करंगळीची बाजू आणि अंगठ्याची कड बुटाच्या बाहेर डोकावताना दिसते. पाऊल पुढच्या बाजूला सर्वांत रुंद असते आणि बूट नेमका तिथेच निमुळता होत जातो. मुलाने तो रोज सहा-सात तास घालायचा असतो. राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. सँडल किंवा चपला घालणाऱ्यांपेक्षा बंद बूट घालणाऱ्यांत ते अधिक होते. सपाट तळवा म्हणजे आजार नव्हे आणि एका पाहणीवरून बुटांना सरसकट दोषी ठरवता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही नाशिकच्या उन्हाळ्यात मुलांना दिवसभर मोज्यांसकट घट्ट बंद बुटांत डांबून ठेवण्यामागे शिस्त दिसण्यापलीकडे कोणते कारण आहे, ते मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी पटवून दिलेले नाही.

म्हणून शहरातल्या शाळांच्या व्यवस्थापनांना आणि पालक-शिक्षक संघांना माझी विनंती आहे की, गणवेशाच्या यादीत ‘काळे बूट’ एवढेच न लिहिता, पुढून रुंद आणि तळाला वाकणारे बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल चालेल, असे स्पष्ट लिहावे. खेळाच्या तासाला मैदान स्वच्छ करून घेऊन, निदान खालच्या वर्गांना, काही वेळ मातीवर अनवाणी खेळू द्यावे. खो-खो आणि लंगडी याच मातीवर वाढले आहेत. नव्या वर्षाचे बूट पालक मे महिन्याच्या अखेरीस घेतात. त्यामुळे हा बदल शाळांनी एप्रिलमध्येच कळवला, तर एकाच वर्षी दोनदा बूट घेण्याचा भुर्दंड कोणालाही पडणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
इंदिरानगर, नाशिक